कलिन्यात थांबायला शिका: विद्यापीठात नव्याने येणाऱ्यांसाठी पहिलं सत्र

दहावीची लेखी परीक्षा २०२१ साली रद्द झाली, त्या वर्षीची मुलं आता पदवी हातात घेऊन एमए, एमएस्सी, एमकॉमला येताहेत. नववीच्या शेवटी त्यांची शाळा बंद झाली, दहावी मोबाइलवर गेली, अकरावीचा बराचसा भागही घरूनच झाला. पुढे पदवीच्या कॉलेजात अनेकांनी इंटर्नल आणि परीक्षेपुरतंच तोंड दाखवलं. क्लास होते, नोकरी होती, घरचं होतं. कारणं खरी होती. आता मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात प्रवेश मिळालाय. वर्ग रोज भरतो, हजेरी लागते, शेजारी माणूस बसलेला असतो. विद्यापीठाच्या दूरशिक्षण संस्थेतून, म्हणजे पूर्वीच्या आयडॉल आणि आताच्या सीडीओईतून, घरी अभ्यास करून आलेल्यांची, संसारात किंवा नोकरीत काही वर्षं काढून परत शिकायला आलेल्यांची आणि कोकणातून थेट मुंबईत उतरलेल्यांचीही अशीच गडबड उडते.

या सगळ्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे: लेक्चर संपलं की लगेच निघू नका. मुंबईत हे अवघड आहे. घर बदलापूरला नाहीतर विरारला असतं, ठरावीक लोकल डोक्यात असते, आणि सरांनी पुस्तक मिटायच्या आत बॅगेची चेन लागलेली असते. पण चांगली पुस्तकं, मित्र, मार्गदर्शक, एकांकिकेतली भूमिका, पुढच्या नोकरीची बातमी, हे सगळं बहुतेकांना लेक्चरनंतरच्या तासाभरात भेटतं. तो तास मिळावा म्हणून आधी बऱ्याच व्यवहाराच्या गोष्टी जमवाव्या लागतात. त्या क्रमाने सांगतो.

आधी कागदपत्रं हातावेगळी करा

पहिल्या आठवड्यात वर्ग नीट सुरू झालेले नसतात. खिडक्यांची कामं तेव्हाच उरकून घ्या. प्लॅस्टिकचं एक फोल्डर करा. त्यात प्रवेशाची पावती, आधीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट फोटो आणि प्रत्येकाच्या दोन-तीन साक्षांकित झेरॉक्स ठेवा. दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन आणि पात्रतेचं काम लागलीच सुरू करा, त्याला वेळ लागतो. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात.

मुंबई विद्यापीठाचा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, सोळा अंकी असतो. तो फोनमध्ये आणि वहीच्या पहिल्या पानावरही लिहून ठेवा, प्रत्येक फॉर्मवर लागतो. डिजिलॉकरमधून एबीसी, म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, आयडी काढला नसेल तर काढा. नवीन शैक्षणिक धोरणाखाली तुमची क्रेडिट्स तिथेच जमा होतात. नाव आधारवर, गुणपत्रिकेवर आणि एबीसीवर अगदी एकसारखं आहे ना, हे एकदा शांतपणे ताडून पाहा. आडनाव आधी की नाव आधी, आईचं नाव आहे की नाही, एवढ्याशा फरकाने पुढे निकाल अडकतो.

शिष्यवृत्तीला पात्र असाल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचा अर्ज ते उघडल्याबरोबर भरा. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता आणि आधार जोडलेलं बँक खातं तयार हवं. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका.

कार्यालयात जायचं ते सकाळी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. आणि तिथल्या माणसांशी ओळख करून घ्या. विभागातले शिपाईकाका, झाडलोट करणाऱ्या मावशी, कार्यालयातल्या मॅडम यांना विभागाची जेवढी माहिती असते तेवढी कुठल्याही वेबसाइटवर नसते. कुठले सर कुठल्या वारी भेटतात, सही कोणाची लागते, कुठली खोली दुपारनंतर रिकामी असते, हे तीच माणसं सांगतात. "काका, जरा विचारायचं होतं" म्हणून सुरुवात केलीत तर सहसा कोणी परत पाठवत नाही.

प्रवास बसवून घ्या

कॅम्पसवर मन रमायचं की नाही, हे अर्धंअधिक प्रवासावर ठरतं. दमून आलेल्या माणसाला कसलाच कार्यक्रम नको असतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यात वेगवेगळे मार्ग करून बघा आणि मग एक पक्का करा.

मध्य आणि हार्बरवाल्यांनी कुर्ल्याला उतरायचं, पश्चिमेला बाहेर पडायचं आणि बेस्टची बस किंवा शेअर रिक्षा धरायची. पश्चिम रेल्वेवाल्यांना सांताक्रूझ पूर्व सोयीचं, पण जलद लोकल सांताक्रूझला थांबत नाही. विरार-बोरिवलीहून येत असाल तर अंधेरीला धीमी पकडा, किंवा सरळ पहिल्यापासूनच धीमीने या. वेळ थोडा जास्त जातो, पण बसायला मिळण्याची शक्यता वाढते, आणि बसून आलेला माणूस पहिल्या लेक्चरला जागा असतो. बसचे मार्ग आणि वेळा अधूनमधून बदलतात, त्या चलो ॲपवर पाहाव्यात. मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये आहे, तेव्हा रोजचा हिशेब करताना बसचेही पैसे धरा.

मेट्रो ३ आल्यापासून एक नवीन वाट झाली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा टप्पा सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ पासून ही गाडी थेट कफ परेडपर्यंत जाते. विद्यापीठासाठी बांद्रा कॉलनी स्थानक जवळ. मूळ आराखड्यात या स्थानकाचं नाव विद्यानगरीच होतं, त्यामुळे जुन्या नकाशात ते तसंही दिसेल. घाटकोपर किंवा वर्सोव्याकडून येणारे मेट्रो १ ने मरोळ नाक्याला उतरून गाडी बदलू शकतात. रोजच्या खर्चाला हे महाग पडेल. पण मुसळधार पावसात, परीक्षेच्या दिवशी किंवा कलिन्याहून फोर्टला कार्यक्रमाला जायचं असेल तेव्हा पैसे वसूल होतात.

लोकलचा पास विद्यार्थी सवलतीत निम्म्या दराने मिळतो. त्यासाठी कार्यालयातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म घ्यावा लागतो. घराजवळचं स्टेशन आणि कॉलेजजवळचं स्टेशन त्यावर नीट लिहून घ्या. फॉर्मची मुदत थोड्याच दिवसांची असते, हातात पडला की पास काढून टाका. जमत असेल तर तिमाहीच काढा: तीन वेगवेगळ्या महिन्यांच्या पासांपेक्षा स्वस्त पडतो आणि खिडकीवरच्या रांगा वाचतात.

आता परतीचं. संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळात कुर्ल्याहून कल्याणच्या किंवा सांताक्रूझ-अंधेरीहून विरारच्या गाडीत चढणं हे काय प्रकरण आहे, हे मुंबईकराला सांगायला नको. नवीन माणसाने मात्र त्यातून एक वाट काढावी: एकतर चार-साडेचारला निघावं, नाहीतर थांबायचंच ठरवलं असेल तर गर्दी ओसरेपर्यंत थांबावं. मधल्या वेळात निघून लोंबकळत जाऊ नका. मुलींनी आपल्या मार्गावरच्या दोघी-तिघींशी पहिल्याच आठवड्यात गट्टी करावी. उशिरा निघताना स्टेशनपर्यंत सोबत असली की निम्मी चिंता मिटते. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आणि पोलिसांचा ११२ फोनमध्ये असू द्या.

रविवारी कार्यक्रम असेल तर आदल्या रात्री मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. आणि पावसाळ्यात, म्हणजे नेमकं सत्र सुरू होतं तेव्हा, भरतीची वेळ आणि हवामान खात्याचा इशारा बघून घर सोडा. शीव-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी भरलं की मध्य रेल्वे थांबते, आणि मिठी नदी इथून लांब नाही. बॅगेत सुके मोजे, एक टॉवेल आणि वह्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी एवढं जून ते सप्टेंबर कायम ठेवा. ओल्या पायांनी दिवसभर कोणी कॅम्पसवर थांबत नाही.

पहिला आठवडा पायी फिरा

कलिना संकुल दोनशे एकरांहून मोठं आहे आणि इमारती लांब लांब आहेत. पहिल्या आठवड्यात एक दुपार फक्त फिरण्यासाठी ठेवा. भाषांचे विभाग असलेलं रानडे भवन, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, परीक्षेच्या कामांसाठी महात्मा जोतीराव फुले भवन, सामाजिक शास्त्रांकडे फिरोजशहा मेहता भवन, आणि आरोग्य केंद्र, ही ठिकाणं एकदा पायाखालून घाला. आपल्या विभागाला कुठलं फाटक जवळ पडतं, पाण्याचा कूलर कुठे आहे, स्वच्छतागृह कुठलं बरं आहे, सावलीचा कट्टा कुठे आहे, हे पाहून ठेवा. क्षुल्लक वाटेल, पण थांबायची इच्छा याच गोष्टींवर टिकते.

वर्गात पहिल्या दोन रांगांमध्ये बसा. वर्षानुवर्षं स्क्रीनपुढे एकटं बसून ऐकायची सवय झालेली असते. मागे बसलं की हात आपोआप फोनकडे जातो. लेक्चर हाताने उतरवून घ्या. बोट सुरुवातीला दुखतं, महिन्याभरात सवय होते, आणि परीक्षा शेवटी पेनानेच लिहायची आहे.

प्रश्न विचारणं हा अनेकांचा अडसर असतो. ऑनलाइन वर्गात चॅटमध्ये लिहून काम भागत होतं. इथे चाळीस माणसांसमोर तोंड उघडायचं. पहिले काही दिवस वर्गात नका विचारू. लेक्चर संपल्यावर सर किंवा मॅडम बाहेर पडतात, तेव्हा दारापर्यंत सोबत जा आणि एकच नेमका प्रश्न विचारा. बहुतेक शिक्षकांना हे मनापासून आवडतं. दोन-तीनदा असं झालं की ते तुम्हाला नावाने ओळखू लागतात आणि मग वर्गात हात वर करणं जड जात नाही.

हजेरीचं म्हणाल तर ७५ टक्क्यांची अट आहे. आजारपण असेल तर वैद्यकीय दाखला वेळच्या वेळी द्या. नोकरी करत शिकत असाल तर विभागप्रमुखांना सुरुवातीलाच भेटून परिस्थिती सांगा. सत्राच्या शेवटी गेलात तर त्यांचेही हात बांधलेले असतात.

ग्रंथालय

थांबायला सगळ्यात चांगली जागा हीच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या महिन्यात काढा. ओळखपत्र, पावती, फोटो आणि अनामत रक्कम लागते. वाचनकक्षाच्या वेळा दारावर लावलेल्या असतात, त्यांचा फोटो काढून ठेवा. परीक्षेच्या काळात त्या बदलतात. पुस्तक शोधताना संगणकावर नाव टाकून क्रमांक काढा, पण क्रमांक मिळाला म्हणून थेट ते एकच पुस्तक उचलून परत येऊ नका. त्या क्रमांकाच्या आजूबाजूची दोन फळ्या पुस्तकं बघा. एकाच विषयाची पुस्तकं शेजारी शेजारी लावलेली असतात. गुगलला ज्याचं नाव विचारायचं तुम्हाला सुचलं नसतं, असं पुस्तक तिथे हाताला लागतं.

जुनं पुस्तक हातात आलं की शेवटचं पान उघडून बघा. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. निळ्या-जांभळ्या शिक्क्यांच्या ओळी, काही तिरप्या, काही एकावर एक उमटलेल्या. एखाद्या पुस्तकावर पंधरा-वीस वर्षांत जेमतेम चार शिक्के दिसतात, तर एखाद्याची चिठ्ठी भरून वर दुसरी डकवलेली असते. दुसऱ्या प्रकारचं पुस्तक दिसलं की नक्की घरी न्या. इतक्या जणांनी नेलं त्याला काहीतरी कारण असतं. पहिल्या प्रकारचं असेल आणि तुमच्या विषयाला धरून असेल, तर प्रबंधासाठी नवीन वाट तिथेच सापडू शकते.

काही सापडत नसेल तर काउंटरवरच्या माणसाला विषय सांगा, पुस्तकाचं नाव नसेल तरी चालेल. आणि बंद कपाटातली जुनी मासिकं, गॅझेटिअर, अहवाल मागून बघायला संकोचू नका. ती तुमच्यासाठीच ठेवली आहेत.

डबा आणि चहा

घरून डबा आणा, पैसे वाचतात. पण तो वर्गात एकट्याने फोन बघत खाऊ नका. कॅन्टीनमध्ये किंवा झाडाखाली बसा, झाकण उघडून शेजारच्यापुढे करा. मालवणची मुलगी आणि डहाणूचा मुलगा यांची ओळख सुकटीच्या चटणीवरून जेवढी पटकन होते तेवढी परिचयाच्या तासाला होत नाही. या विद्यापीठाचं क्षेत्र मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत पसरलेलं आहे, आणि ते खऱ्या अर्थाने एकत्र येतं ते डब्यांच्या भोवती. चहाला कोणी विचारलं तर हो म्हणा. चहा पीत नसाल तरी जा.

कार्यक्रमांना जायला लागा

इथे बहुतेक नवखे चुकतात ते एकाच ठिकाणी: कार्यक्रमाची बातमी त्यांना कार्यक्रम झाल्यावर कळते. विभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच, पण त्यावर दिवसाला शंभर मेसेज येतात. त्यापेक्षा रोज येता-जाता सूचना फलकापाशी अर्धा मिनिट थांबा. आपल्या विभागाचा वाचून झाला की खालच्या मजल्यावरचाही वाचा. इतिहास विभागातलं व्याख्यान समाजशास्त्राच्या मुलांना कोणी कळवत नाही, पण दार कोणी अडवतही नाही.

सुरुवात लहान कार्यक्रमाने करा. विभागातलं एखादं तासाभराचं व्याख्यान निवडा. दहा मिनिटं आधी जा आणि मधल्या रांगेत बसा. अगदी मागे बसलं की उठून जायचा मोह होतो. वक्त्याचं बोलणं ऐकताना एक प्रश्न कागदावर लिहून ठेवा, एका वाक्यात मावेल असा. विचारायचं धाडस झालं नाही तर कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलापाशी विचारा. तिथे मोठमोठी माणसं हातात बिस्किट घेऊन मोकळी उभी असतात आणि विद्यार्थ्यांशी बोलायला त्यांना आवडतं.

बुजऱ्या स्वभावाच्या मुलामुलींना मी नेहमी एक सांगतो: गर्दीत नुसतं उभं राहणं जड जात असेल तर काम मागून घ्या. चर्चासत्राच्या आधी विभागात जाऊन "मॅडम, नोंदणीच्या टेबलावर मी बसू का?" एवढं विचारा. कोणी नाही म्हणत नाही, कारण ते काम कोणाला नको असतं. सकाळी नऊला टेबलावर पांढरी चादर पसरली जाते, फायलींचा ढीग येतो, प्रत्येक फाईलमध्ये पॅड, पेन आणि कार्यक्रमपत्रिका घालायची असते. मग माणसं येऊ लागतात. नाव, कॉलेज, फोन, सही. "सर, इथे पूर्ण नाव लिहा, प्रमाणपत्रावर तेच येईल." सावंतवाडीचे प्राध्यापक, पनवेलच्या संशोधक, ठाण्याहून आलेला तुमच्याच वयाचा मुलगा, सगळे तुमच्यासमोरून जातात, आणि प्रत्येकाशी बोलायला तुमच्याकडे कारण असतं. गप्पा सुचण्याची गरजच पडत नाही. दुपारच्या जेवणापर्यंत पाच-पन्नास चेहरे ओळखीचे होतात आणि त्यातले काही पुढे स्वतःहून हाक मारतात. पुढच्या वेळी सूत्रसंचालन किंवा आभार मागून घ्या. मराठी नीट बोलणाऱ्याला विद्यापीठात माईक मिळायला वेळ लागत नाही.

वर्षाचा अंदाज यावा म्हणून काही ठरलेल्या गोष्टी सांगतो. विद्यार्थी विकास विभागाचा युवा महोत्सव साधारण ऑगस्टपासून सुरू होतो. आधी विभागवार प्राथमिक फेऱ्या, मग अंतिम. एकांकिका, एकपात्री, मूकाभिनय, लोकनृत्य, वक्तृत्व, कथाकथन, रांगोळी, मेंदी, व्यंगचित्र, असं बरंच काही असतं. नाव तुमच्या विभागाकडून किंवा कॉलेजकडून जावं लागतं आणि वयाची अटही असते, म्हणून जुलैतच चौकशी करा. गाणं-नाच येत नसेल तरी नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा यांना माणसं लागतातच. तालमी मात्र उशिरापर्यंत चालतात, ते आधी घरी सांगून ठेवा.

संशोधनाची आवड असेल तर 'आविष्कार' सोडू नका. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून चालू आहे आणि सुरुवात पोस्टर मांडण्यापासून होते. कल्पना लहान असली तरी चालते. परीक्षकांसमोर उभं राहून पाच मिनिटांत आपलं काम समजावून सांगायची तालीम इथे होते, आणि ती पुढे प्रत्येक मुलाखतीला उपयोगी पडते.

मराठीच्या अंगाने पाहिलं तर ऑक्टोबरमध्ये अभिजात मराठीचा सप्ताह आणि १५ तारखेचा वाचन प्रेरणा दिन, जानेवारीत भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, अशी रेलचेल असते. २५ जानेवारीच्या रात्री चतुरंग या संस्थेची 'सवाई' एकांकिका स्पर्धा असते. वर्षभरात इतर स्पर्धांमध्ये पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे एकमेकींसमोर उभ्या राहतात आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत जागे असतात. नाटकाची आवड असो वा नसो, एकदा चार मित्रांनी मिळून जाच.

मोठ्या कॉलेज महोत्सवांना जायचं असेल, म्हणजे ऑगस्टमध्ये झेवियर्सचा 'मल्हार' किंवा डिसेंबरमध्ये आयआयटीचे 'मूड इंडिगो' आणि 'टेकफेस्ट', तर ओळखपत्र जवळ ठेवा आणि आधी ऑनलाइन नोंदणीची माहिती घ्या. दारात जाऊन बघू म्हटलं तर परत यावं लागतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी या मोठ्या महोत्सवांपेक्षा आपल्याच विभागाचे चार छोटे कार्यक्रम जास्त देऊन जातात. मोठ्या गर्दीत तुम्ही प्रेक्षकच राहता.

फोर्टला एक दिवस

कलिन्यात शिकणाऱ्या कितीतरी जणांनी आपल्या विद्यापीठाची मूळ वास्तू आतून पाहिलेली नसते. हे मला खरंच सलतं. विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. फोर्टमधलं सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृह १८७४ साली पूर्ण झालं, राजाबाई टॉवर १८७८ साली. टॉवरला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आपल्या आईचं. ओव्हल मैदानाभोवतीच्या या इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सभागृहात एखादं व्याख्यान किंवा समारंभ असेल तेव्हा ओळखपत्र घेऊन जा. हुतात्मा चौक किंवा चर्चगेटला मेट्रोने उतरून पाच-दहा मिनिटं चालायचं. विद्यार्थी विकास विभागाचं काम चर्चगेटजवळच्या विद्यापीठ विद्यार्थी भवनातून चालतं, तेही त्याच फेरीत पाहून घ्या.

घरच्यांशी बोला

"आज उशीर होईल" एवढंच फोनवर सांगितलं की घरी काळजी सुरू होते, विशेषतः मुलींच्या घरी. आदल्या दिवशी कार्यक्रमपत्रिका आईबाबांना पाठवा, सोबत कोण आहे आणि कुठल्या गाडीने निघणार ते सांगा, आणि गाडीत बसल्यावर मेसेज करा. दोन-तीन वेळा सांगितल्याप्रमाणे घरी पोचलात की परवानगीचा विषय हळूहळू संपतो. जमलं तर एखाद्या कार्यक्रमाला त्यांनाच घेऊन या. मुलगी सूत्रसंचालन करताना पाहिलेली आई पुढच्या वेळी "किती वाजता येशील?" हे वेगळ्या स्वरात विचारते.

नोकरीमुळे किंवा घरच्या जबाबदारीमुळे रोज थांबणं शक्य नसेल तर आठवड्यातला एक वार पक्का करा. मंगळवार म्हणजे मंगळवार, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कॅम्पसवर. सोबतच्यांनाही तो वार माहीत होतो आणि ते तुम्हाला गृहीत धरून बेत आखतात.

जड वाटलं तर

इतक्या वर्षांनी माणसांमध्ये आल्यावर दमायला होतं, छातीत धडधडतं, कधी वर्गाच्या दारातून परत फिरावंसं वाटतं. हे अनेकांना होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. एकदम सगळं अंगावर घेऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त लेक्चर, दुसऱ्यात ग्रंथालयात तासभर, तिसऱ्यात एक छोटा कार्यक्रम, अशी चढती कमान ठेवा. तरीही झोप उडाली, रोज यायची भीती वाटू लागली, तर ज्यांच्यावर विश्वास आहे अशा शिक्षकांशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. कोणी त्रास देत असेल तर गप्प बसू नका. रॅगिंगविरोधी मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे, आणि लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असते. तिच्या सदस्यांची नावं फलकावर पाहून ठेवा.

सत्र संपताना

दिवाळीच्या आसपास परीक्षेचं वारं सुरू होतं. परीक्षेचा फॉर्म वेळेत भरा, विषयांचे कोड दोनदा तपासा, हॉल तिकिटावरचं केंद्र आणि नाव नीट वाचा. कार्यक्रमांची प्रमाणपत्रं याच सुमारास विभागात येऊन पडलेली असतात, ती मागून घ्या आणि लगेच स्कॅन करा. ऑन जॉब ट्रेनिंग किंवा प्रकल्पासाठी मार्गदर्शक ठरवायची वेळही जवळ आलेली असते. ज्या शिक्षकांच्या मागे दारापर्यंत गेलात, त्यांच्याकडेच आधी विचारा. आणि ग्रंथालयाची पुस्तकं मुदतीत परत करून पावती जपून ठेवा. अनामत परत घेताना आणि पुढे दाखला काढताना ना-देय प्रमाणपत्र मागतात, तेव्हा ती पावती हाताशी लागते.